जुमेरातीची धुरी

शराफिया, जेद्दा
२६ ऑक्टोबर १९९०

शरीफास बदरुन्निसाचे सलाम.

हे पत्र दत्तारामच्या हाती देत्येय. तो अंड्यांचा ट्रेलर घेऊन तुमच्या त्या तुरैफला निघालाय. चार भाकऱ्या आणि सुकटीची चटणी बांधून दिल्येय त्याला, तेव्हा पत्र पोचलंच नाही असं मला सांगू नकोस. फोनवर तू माझ्याशी बोलत नाहीस. माझा भाऊ शौकत बोलतो आणि तू बाजूला उभी राहून त्याला खुणा करतेस, ते मला इथे बसून दिसतं.

मुद्द्याचं लिहित्ये. झयानला माझ्याकडे पाठव. इराकने कुवेत घेतलं, अमेरिकेची फौज उतरली, आता काय व्हायचं ते थोडंच टळणार आहे? आमच्या यांनी, तुझ्या दुल्हाभाईंनी, दुकानात शिवणाच्या टेबलावर नकाशा पसरून दाखवलं, हे तुमचं गाव आणि हा इराक. मध्ये माझ्या बोटाएवढी जागा नाही गो. शौकतला वीज केंद्राची नोकरी आहे, तो राहील. तुला नवऱ्याजवळ राहायचं असेल तर राहा. पण दीड वर्षाच्या पोराने काय केलंय? त्यात तुमच्याकडची थंडी. नळाचं पाणी गोठतं म्हणतात. ही काय पोर वाढवायची जागा आहे?

इथे दुकानाच्या वर दोन खोल्या रिकाम्या पडल्यात, ते तुला माहीत आहे. का रिकाम्या आहेत तेही माहीत आहे, अल्लाने मला दिलं नाही. पण झयान माझ्या हातात जन्मलाय. चाळीस दिवस त्याला न्हाऊ घातलं, शेकलं, धुरी दिली ती मी. तू तर भिंतीकडे तोंड करून पडून होतीस.

लढाई संपली की परत देईन. दत्ताराम परत येताना जबाब धाड.

बदरुन्निसा

•

तुरैफ
२ नोव्हेंबर १९९०

बदरुन्निसा आपांस,
सलाम.

दत्ताराम भाऊ समोर बसून चहा पितायत आणि जबाब घेतल्याशिवाय उठायचं नाही असं तुम्ही बजावलंय म्हणे. म्हणून त्यांच्यासमोरच लिहिते आहे.

झयान येणार नाही.

‘परत देईन’ हे तुमचे शब्द दोनदा वाचले. शेजारणीचं पातेलं नेऊन परत देतात आपा, पोर नाही.

चाळीस दिवसांची आठवण काढलीत ते बरं केलंत. त्या चाळीस दिवसांत माझं मूल मला दूध पाजण्यापुरतं मिळत होतं. पाजून झालं की तुमच्या मांडीवर. मी भिंतीकडे तोंड करून का पडायचे, ते एकदा तरी विचारलंत? संध्याकाळ झाली की तुमचा तो लोबान पेटायचा. गॅलरीचं दार सताड उघडं, सगळ्या शराफियाला वास जायचा, तरी माझे डोळे सुजायचे. मी खोकले की तुम्ही म्हणायचात, म्हसळेवाल्यांना सवय नाही. अजूनही कुठे लोबानचा वास आला की मला कोणाशी तरी भांडावंसं वाटतं. हे तुम्हाला आधीच सांगायला हवं होतं, आता सांगते.

झयान मजेत आहे. पळतो. डाळीत इथला खुब्ज पाव बुडवून खातो आणि उरलेला मांजरीला देतो. त्याची आई इथे आहे, म्हणून तोही इथे आहे. दुल्हाभाईंना सलाम.

शरीफा

•

जेद्दा
२३ नोव्हेंबर १९९०

शरीफास,

पातेलं म्हणालीस. बरं. लक्षात ठेवलंय मी.

म्हसळ्याच्या हायस्कूलात दोन वर्षं पोरांना शिकवलंस म्हणून तुला लिहिता चांगलं येतं, ते मी कबूल करत्ये. माझी चौथी झाल्येय दाभोळला. पण पोर वाढवायला चौथी पुरते. दत्ताराम सांगत होता, झयानच्या नाकाला धार लागल्येय, डोकं उघडं, आणि तू बाई आरामात पत्र लिहीत बसलीस. दत्तारामला चार मुलं आहेत, तो खोटं सांगायचा नाही.

लोकरीची टोपी आणि पायमोजे पाठवत्येय. सोबत लोबानची पुडी आहे. दर जुमेरातीला, जुम्म्याच्या आदल्या संध्याकाळी, मगरिबच्या वक्ताला निखाऱ्यावर घालून पोराला धुरी दे. छाती मोकळी होते, सर्दी जाते, नजर उतरते. आपल्या खानदानात सगळी पोरं याच्यावर वाढली, शौकतही. तुला वास सहन होत नसेल तर नाक दाब. पोरापुढे तुझ्या नाकाचं काय एवढं?

आणि एक विचार कर. पोराला काही झालं तर त्या उजाड मुलखात तुझ्या बाजूला कोण उभं राहणार आहे? सगळं माझ्याच गळ्यात येणार ना शेवटी.

बदरुन्निसा

•

तुरैफ
१४ डिसेंबर १९९०

आपांस सलाम.

टोपी मिळाली. झयान ती घालत नाही. मी घातली की काढतो आणि मांजरीच्या डोक्यावर बसवतो. मोजे हातात घालून फिरतो. लोबानची पुडी मी कचऱ्यात टाकली. टाकली नाही असं खोटं लिहिता आलं असतं, पण तुम्हाला कळलेलं बरं.

थंडीचं म्हणाल तर थंडी आहे. दोरीवरची दुपटी सकाळी पापडासारखी कडक झालेली असतात आणि झयानला ती मोडून बघायची असतात. अंगात चार कपडे घातले की त्याचे हात खाली येत नाहीत. तो पडला की उताण्या झुरळासारखा पाय झाडत राहतो, उचलायला गेलं तर चिडतो. परवा जरासं बर्फ पडलं. मूठभर उचलून तोंडात टाकलंन, साखर वाटली असावी. मग माझ्याकडे असं बघितलंन की मीच फसवलं त्याला. दोन तास रुसून बसला होता.

रॉकेलचा हीटर आहे. त्याच्यावर किटली असते, त्यामुळे खोली कोरडी पडत नाही. हे मला मागच्या क्वार्टरमधल्या सुनीता सिस्टरनी शिकवलं. मिरजेच्या आहेत, इथल्या सरकारी दवाखान्यात नर्स आहेत. सर्दीला थेंब त्यांनीच दिले, नाक मोकळं झालं, धार थांबली. म्हणजे माझ्या बाजूला कोण उभं राहणार याची तुम्ही काळजी करू नका. आहेत माणसं.

तुम्ही फोनवर शौकतच्या कानाला लागता, हे मला समजतं. शुक्रवारी पोस्टाजवळच्या बूथवरून फोन करून आले की शनिवारभर ते माझ्याशी धड बोलत नाहीत. भाऊ तुमचा आहे हे मान्य. घर माझं आहे.

शरीफा

•

जेद्दा
४ जानेवारी १९९१

शरीफा,

लोबान कचऱ्यात टाकलास. तोबा. कोणावर राग काढत्येस तू, माझ्यावर की पोरावर?

आता सरळ ऐक. इराकला कुवेत सोडायला दिलेली पंधरा तारखेची मुदत सगळ्या जगाला माहीत आहे, तुझ्या तुरैफलाच नाही की काय? इथे शराफियात अर्धी दुकानं माल बांधून बसल्येत. रियाधहून किती बायका पोरं घेऊन इकडे आल्यात ते येऊन बघ. शहाण्या बायका आहेत त्या.

शौकतने मला शब्द दिलाय. दहा दिवसांची रजा काढून तो झयानला घेऊन येतोय. तू आलीस तर ये, नाही आलीस तर तुझी मर्जी. पोर बापाचं असतं. हे लिहायचं नव्हतं, पण तू वेळ आणलीस.

त्याच्यासाठी पाळणा आणला नाही, पलंगच घेतला. लहान, कठडेवाला. लढाई कधी संपेल कोणाला ठाऊक.

बदरुन्निसा

•

तुरैफ
१३ जानेवारी १९९१

आपांस,

पलंग परत करा.

शौकतची रजा रद्द झाली. वीज केंद्रातल्या सगळ्यांचीच झाली. कफील शेठकडे गेले होते, तो म्हणाला, खलास, लढाई होईपर्यंत कोणी कुठे जात नाही. पासपोर्ट त्याच्याच कपाटात आहेत. मी दोन रकात नमाज जास्त पढले, असं तुम्हाला वाटत असेल तर बरोबर वाटतंय.

पण त्यांनी शब्द दिला होता. माझ्या पोराचा शब्द, मला न विचारता. त्यावरून आमचं जे झालं ते लिहीत नाही, तुम्हाला गार वाटेल.

इराक विषारी गॅस टाकेल म्हणून रेडिओवर सांगितलं तसं आम्ही आतली खोली बंद केली. चिकटपट्टी मिळाली, प्लास्टिक कुठेच मिळेना. शेवटी जेवायला खाली अंथरतात त्या सुफऱ्याचं बंडल आणलं, फुलाफुलांचं. खिडकीवर तीन पदर, वरच्या झरोक्यावर दोन. दाराच्या फटीला ओला टॉवेल. मोठ्यांचे मास्क कसेबसे मिळाले, झयानच्या मापाचा नाही. शौकतने एक एक इंच पट्टी हाताने दाबून बसवली, आणि झयान मागून येऊन नखाने कोपरे सोडवत होता. सायरन वाजला की त्या खोलीत बसायचं.

दत्ताराम भाऊ आज आले, पुन्हा कधी येतील सांगता येत नाही म्हणाले. त्यांनी शौकतला बाजूला घेऊन एक गाठोडं दिलं. विचारलं तर म्हणे सुकी मासळी, आपांनी धाडली. माझ्यापासून लपवून भावाला मासळी पाठवावी इतकी मी वाईट आहे का? खाऊ द्या त्यांना.

झयानसाठी दुवा करा. माझ्यासाठी केली नाहीत तरी चालेल.

शरीफा

•

जेद्दा
२ फेब्रुवारी १९९१

शरीफा,

दत्तारामचा ट्रेलर बंद आहे, म्हणून पोस्टाने पाठवत्येय. कधी मिळेल तेव्हा मिळेल, पण वाचताना बसून वाच.

शौकतचा काल फोन आला. पोर दोन दिवस दवाखान्यात होतं आणि मला आठ दिवसांनी कळतं? सायरन वाजत असताना तू खिडकीचं प्लास्टिक फाडलंस! माझ्या भावाने रक्त आटवून बंद केलेली खोली तू उघडलीस, आणि बर्फाच्या वाऱ्यात पोराला धरलंस. तो फोनवर रडत होता. आजवर मी त्याला रडताना ऐकलं नव्हतं.

डोकं फिरलं होतं का गो तुझं? वैऱ्यावरसुद्धा असं करत नाही कोणी. मी म्हणत होते, त्या मुलखात ठेवू नकोस. म्हणत होते, थंडीपासून जप. टोपी पाठवली, मोजे पाठवले, तू मला पातेलं ऐकवलंस. आता काय ऐकवणार आहेस? त्याच्या छातीत थंडी भरली ती तुझ्या हाताने.

लढाई थांबेल त्या दिवशी मी तुझ्या दुल्हाभाईंना घेऊन स्वतः तिकडे येणार आणि झयानला घेऊन जाणार. शौकतची ना नाही. तुझी ना मला ऐकायचीच नाही. तू आई व्हायच्या लायकीची नाहीस, हे मी पहिल्या दिवशी ओळखलं होतं.

बदरुन्निसा

•

तुरैफ
११ फेब्रुवारी १९९१

बदरुन्निसा आपा,

बसून वाच म्हणालात, बसून वाचलं. आता तुम्हीही बसा. दुल्हाभाईंना जवळ बोलवा, हे त्यांनीही ऐकायला हवं.

गाठोड्यात मासळी नव्हती. तुमची पितळेची लोबानदाणी होती, कोळसे होते आणि लोबान होता. आणि दत्ताराम भाऊंच्या तोंडी निरोप होता, शरीफाला विचारू नकोस, ती फेकून देईल, पोर निजायला टेकलं की तू धुरी दे. हे सगळं शौकतनेच मला सांगितलं, दवाखान्याच्या बाकावर बसून. तुम्हाला फोनवर सांगायची त्यांची हिंमत झाली नाही. त्यांना तुमची भीती वाटते आपा. मोठा बाप्या आहे, पण तुमची भीती वाटते.

चोवीस तारीख, जुमेरात. मगरिबची वेळ. मी स्वयंपाकघरात भाकऱ्या थापत होते. झयानला दोन दिवस ताप होता, किरकिर करत होता, म्हणून शौकत त्याला घेऊन आतल्या खोलीत गेले होते. तीच खोली गरम राहते. तुमच्या भावाने हीटर लावला, लोबानदाणीत कोळसे फुलवले, वर लोबान घातला आणि दार ओढून घेतलं. फटीला टॉवेलही लावला, धूर घरभर होऊ नये आणि मला कळू नये म्हणून. इतका आज्ञाधारक भाऊ कोणाला मिळणार नाही.

मग सायरन झाला. मी पिठाच्या हाताने धावत आत गेले. खोली धुराने भरलेली. शौकत भिंतीला टेकून बसलेले, झयान त्यांच्या मांडीवर. ते म्हणाले, दार लाव, दार लाव, पण जीभ जड झाली होती. मी दार लावलं नाही. खिडकीवर चढले आणि सुफऱ्याचे तिन्ही पदर ओढून काढले, पट्टीबरोबर भिंतीचा रंगही आला. खिडकी उघडली. लोबानदाणी उचलून बाहेर बर्फात फेकली, हाताला फोड आले ते अजून आहेत. एवढा थंड वारा आत आला आणि झयान रडला नाही. तेव्हा मी त्याच्याकडे बघितलं. मान अशी मागे पडली होती. गाल मात्र लाल, छान झोपेत असल्यासारखा. आपा, मी त्याला हाका मारल्या. चापट मारली. त्याने डोळे उघडले नाहीत.

सायरन चालू असताना मी त्याला शालीत गुंडाळून सुनीता सिस्टरच्या दारात गेले. त्यांनी मास्क न लावता गाडी काढायला लावली त्यांच्या नवऱ्याला. दवाखान्यात प्राणवायू लावला. दुसऱ्या दिवशी दुपारी तो रडला. मी आयुष्यात इतकं गोड काही ऐकलं नाही.

सिस्टरनी सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते. बंद खोलीत कोळसा जळला की गॅस होतो. त्याला वास नसतो, रंग नसतो. माणसाला झोप येते आणि तो उठत नाही. आणखी पंधरा-वीस मिनिटं गेली असती तर दोघंही गेले असते. पोर आधी.

त्या संध्याकाळी तुरैफवर काहीही पडलं नाही. इराकने आमच्यावर काही टाकलं नाही. जे आलं ते जेद्द्याहून आलं, गाठोड्यात.

आता या झयानला न्यायला. दारात उभी आहे मी.

शरीफा

•

जेद्दा
१ मार्च १९९१

शरीफा,

तुझं पत्र यांनी मोठ्याने वाचलं. वाचून झाल्यावर दुकानात निघून गेले, दोन दिवस वर जेवायला आले नाहीत. तुला हवं होतं ते झालं.

तू मला मारेकरीण ठरवलंस. शब्द लिहिला नाहीस, पण मला चौथीपर्यंत वाचता येतं. मी माफी मागणार नाही. पोराला मारायला कोणी लोबान धाडतं का? सर्दी पुन्हा झाल्येय असं शौकतने फोनवर सांगितलं होतं, माझा जीव राहिना. तू सरळ ऐकलं असतंस तर चोरून पाठवायची वेळ आली नसती. हे मी मरेपर्यंत म्हणेन.

पण एक सांगत्ये. खिडकी उघडी ठेव, असा निरोप मी दिला नाही, हे खरं आहे. मी आठ दिवस याचाच विचार करत्येय. का नाही दिला? मला कधी कोणी सांगितलंच नव्हतं. माझ्या आईने नाही, तिच्या आईने नाही. दाभोळच्या घराला कौलं, भिंत आणि छपरात हात जाईल एवढी जागा, धूर आपला आपण जायचा. इथे गॅलरीचं दार मी कधी लावतच नाही. धुरीला वाट ठेवावी लागते हे आमच्यात सांगायची गोष्टच नव्हती. तुमची खोली डबीसारखी बंद आहे हे मला माहीत होतं. तूच लिहिलं होतंस, फुलाफुलांचं प्लास्टिक, तीन पदर. मी वाचलं होतं, त्यानंतर शौकतशी फोनवर बोललेही होते. दोन्ही गोष्टी मला माहीत होत्या आणि त्या एकत्र आल्या नाहीत माझ्या डोक्यात.

तेव्हापासून घरात लोबान लावला नाही. गेली जुमेरात तशीच गेली. यांनी विचारलंही नाही.

आता माझ्या एका गोष्टीचं उत्तर दे, आणि टोमणा न मारता दे. तुला कळलं कसं? शौकतला कळलं नाही, मला इथे कळलं नसतं. सायरन वाजत होता, बाहेर विषारी गॅस असेल अशी भीती, आणि तू खिडकी उघडलीस. तुझ्या शाळेच्या पुस्तकात होतं का हे? मला रात्रंदिवस हेच सुचतं. तुझ्या जागी मी असते तर मी दार लावून घेतलं असतं.

पोर मागत नाही आता. पलंग विकला नाही, पण मागत नाही. तो चालतो का तेवढं लिही.

बदरुन्निसा

•

तुरैफ
१५ मार्च १९९१

आपांस सलाम.

दत्ताराम भाऊ पुन्हा सुरू झाले. या खेपेला दारातूनच जात होते, माझ्याकडे बघवेना त्यांना. मी आत बोलावून जेवायला घातलं. त्यांनी पुन्हा पुन्हा कानाला हात लावले. त्यांचा दोष नाही, निरोप जसा दिला तसा त्यांनी पोचवला.

झयान चालतो. सुरुवातीला दारूड्यासारखा झोकांड्या खात होता, मी भिंतीला टेकून बघत राहायचे, रडायचेही. सुनीता सिस्टर म्हणाल्या, वाट बघा. मागच्या आठवड्यात मांजरीच्या मागे पळाला आणि तुमची टोपी तिच्या डोक्यावर बसवून आला. बोलायचं थोडं मागे पडलंय, पण भांडतो व्यवस्थित. त्यात आपल्या दोन्ही घरांचं रक्त आहे.

शौकत अजून खाली मान घालून जेवतात. मी त्यांच्याशी बोलते. किती बोलते ते त्यांना विचारा.

आता तुमचा प्रश्न. टोमणा मारू नकोस म्हणालात, नाही मारत. खरं लिहिते, आणि हे खरं मी शौकतला सांगितलेलं नाही, सिस्टरनाही नाही. सगळे मला म्हणतात शिकलेली होती म्हणून पोर वाचलं. तुरैफमधल्या आपल्या चार बायका मला बघायला आल्या, एकीने माझ्या हाताच्या फोडांचा मुका घेतला. मी चहा ठेवायला उठले.

आपा, मला काहीही कळलं नव्हतं.

कोळशाचा गॅस मी कधी ऐकलाही नव्हता. पुस्तकात असेल तर मी शिकवलं नाही, मी भूगोल शिकवायचे. दार उघडलं आणि लोबानचा वास आला. बस्स. तुमच्या खोलीतले चाळीस दिवस माझ्या अंगावर धावून आले. मला वाटलं, ही बाई इथेही आली. माझ्या घरात, माझ्या खोलीत, चोरून. त्या क्षणी मला सायरन ऐकू येत नव्हता, झयान दिसत नव्हता. तुमचा वास घरातून बाहेर काढायचा, एवढंच होतं डोक्यात. प्लास्टिक फाडलं ते रागाने फाडलं. लोबानदाणी फेकली ती तुमची म्हणून फेकली. ती खाली बर्फात पडल्यावर मला बरं वाटलं, हेही लिहिते. आणि मग मागे वळले तर पोराची मान पडलेली.

सिस्टर म्हणाल्या होत्या, त्या गॅसला वास नसतो. मी त्यावर महिनाभर विचार करते आहे. लोबान घातला नसता आणि नुसताच कोळसा असता, तर मला वास आला नसता. मी दार लावलं असतं, टॉवेल दाबला असता आणि त्या दोघांच्या बाजूला जाऊन बसले असते. खोली छान गरम होती आपा. आणि लोबानवर माझा राग नसता, मी तुमची गुणी भावजय असते, तरीही मी बसलेच असते. वर म्हटलं असतं, आपांनी किती जीव लावून पाठवलाय. तिघंही झोपलो असतो.

तुम्ही माफी मागत नाही ते ठीक आहे. मीही देत नाही. लोक म्हणतात मनातला राग टाकून द्यावा. मी नाही टाकणार. माझं पोर त्याच्यावर वाचलंय, कोणाच्या शहाणपणावर नाही. तुमच्यावरचा हा राग मी जपून ठेवणार आहे, घरात मीठ-पीठ ठेवतात तसा, आणि तुम्ही तो मुकाट्याने सोसायचा आहे. एवढं माझं तुमच्याकडे मागणं.

उद्या-परवा रमजानचा चाँद दिसेल. ईद झाली की शौकतला रजा मिळेल असं म्हणतात, पण झयान तिकडे येणार नाही. तुम्ही या. दुल्हाभाईंना घेऊन या, दत्ताराम भाऊंना रस्ता माहीत आहे. तो तुमच्या मांडीवर आला तर घ्या, नाही आला तर ओढू नका. तुमची गादी त्याच खोलीत घालीन. खिडकीच्या भिंतीला नवीन रंग दिला, प्लास्टिक काढून टाकलं, आणि कितीही थंडी असली तरी ती आता चार बोटं उघडी असते. तुम्हाला वारा लागेल. लागू दे.

आणि आपा, गाठोडं आणू नका.

शरीफा